आमची वाटचाल : रामबागेतली एक खोली आणि पुठ्ठ्याचे चौकोन

2011 मधे इंदूरच्या रामबागेत मी आणि मामेभावानं वेबसाइटचं काम सुरू केलं तेव्हा जवळ होतं काय, तर जेल रोडवरून घासाघीस करून घेतलेला सेकंडहॅन्ड मॉनिटर आणि आईची शिवणाची कात्री. कात्री पुठ्ठा कापायला. 300 बाय 250, 336 बाय 280, 728 बाय 90, 160 बाय 600, जाहिरातींच्या या सगळ्या पिक्सेलमधल्या साइझचे तुकडे स्क्रीनच्या मापानं कापून बिस्किटाच्या डब्यात ठेवलेले, आणि साइटचं नवं पान बनलं की ते मॉनिटरवर धरून बघायचं, जाहिरात इथे बसवली तर मजकूर कुठे जातो, वाचणाऱ्याची नजर कुठे अडकते. डबा अजून आहे. नवी पोरं हसतात, हसू देत.

साइट आपल्या इंदूरचीच. मंगल कार्यालयं, सराफ्यातली खाऊगल्ली, मराठी मंडळांचे कार्यक्रम, केटररचे नंबर. पहिली काही वर्षं जाहिरात नेटवर्कवर, म्हणजे साइटवर जाहिराती लावून क्लिकमागे पैसे देणाऱ्या कंपनीवर, बरी चालली, त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही.

सांगायचंय ते 2017 च्या गणपतीतलं. आरती आटोपून मेल उघडला तर नेटवर्कचं अकाउंट बंद. कारण दिलं होतं, अवैध क्लिक, म्हणजे जाहिरात बघायची म्हणून नव्हे तर मुद्दाम किंवा चुकून पडलेले. साठलेले पैसेही गेले. सहा वर्षांची मेहनत आणि चार ओळींचा मेल! कंपनीचं नाव घेत नाही, पण फोन करून विचारावं असा एक माणूस त्यांच्याकडे नव्हता हे आजही खुपतं. अपील केलं, सर्व्हरचा लॉग, म्हणजे साइटवर कोण कधी आलं त्याची नोंद, जोडला, दुपारी दोन ते चार एकाच आयपीवरून, म्हणजे एकाच इंटरनेट पत्त्यावरून, क्लिकवर क्लिक आलेले दिसत होते. उत्तर दोन ओळींचं, निर्णय कायम.

ते क्लिक कोणाचे हे मला पक्कं माहीत आहे, सिद्ध करता येत नाही एवढंच. आमच्यासारखीच साइट चालवणारे एकजण दोन गल्ल्या सोडून बसायचे, त्यांची पोरं नाक्यावर चहा पिता पिता मोबाइलवर काय करायची ते चहावाल्या भियानंच सांगितलं. असो.

पण खरं सांगायचं तर दोष आमचाही होता. मामेभावानं फोटोंच्या पानावर 'पुढचा फोटो' या बटणाच्या अगदी खाली चौकोन चिकटवला होता, वर बाण काढून लिहिलं होतं 'आम्हाला मदत करा'. मी म्हणलं होतं काढ, तो म्हणे क्लिक दुप्पट झालेत, राहू दे. बाण दाखवून क्लिक मागायचा नाही आणि बटणाला चिकटून जाहिरात लावायची नाही हे दोन्ही नियमात स्पष्ट लिहिलेलं असतं, वाचतो कोण. तो त्या दिवाळीनंतर पुण्याला नोकरीला गेला. बोलणं आहे, धंद्याचं काढत नाही.

नंतर मी एक प्रयोग केला. फोनवर प्लॅस्टिकचा कागद ताणून लावला, आईचा अंगठा शिक्क्याच्या शाईत बुडवला आणि म्हणलं, नेहमीसारखी साइट बघ. दहा मिनिटांनी कागद उजव्या बाजूला खाली निळा झालेला, बटणाभोवती तर डागच डाग. म्हणजे लोक जाहिरात बघून दाबतच नव्हते, अंगठा घसरत होता! दुसऱ्या दिवशी मजकूर, मग मोकळी जागा, मग 'जाहिरात' असं छोटं लेबल, मग चौकोन, असं सगळं पुन्हा मांडलं. क्लिक निम्म्यावर आले, पण जे आले ते खरे.

त्या काळात तारलं लोकमान्य नगरच्या एका काकूंनी. त्यांचा लोणची-पापडाचा गृहउद्योग. दर महिन्याच्या एक तारखेला पाकीट, एक चौकोन, थेट आमच्याकडे. अट एकच, "माझ्या पापडाशेजारी ते सट्ट्याचे गेम दिसले तर पाकीट बंद हं." म्हणून 2019 मधे दुसऱ्या नेटवर्कनं घेतल्यावर सगळ्यात आधी सट्टा आणि वजन घटवण्याच्या कॅटेगऱ्या ब्लॉक केल्या. नंतर काकू म्हणाल्या, "लेखातच लिही ना आमचं लोणचं छान म्हणून, पैसे देते." लिहिलं, पण वर ठळक 'जाहिरात' घालून आणि लिंकला स्पॉन्सर्ड टॅग, म्हणजे ही लिंक पैसे घेऊन दिलीय असं सर्च इंजिनला सांगणारी कोडमधली खूण, लावून. काकू आठवडाभर रुसल्या. पैसे घेऊन स्वतःचं मत असल्याचं भासवणं ही वाचणाऱ्याची फसवणूकच, 2022 पासून तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर केंद्राचे नियमही आहेत.

आता कोणी विचारलं नाही तरी सांगतो. मोबाइलच्या पानावर मजकुराच्या लांबीच्या 30 टक्क्यांच्या वर जाहिराती भरू नका, कोअॅलिशन फॉर बेटर अॅड्स या जाहिरात कंपन्यांच्या गटाचं माप तेच आहे, आणि 2019 पासून क्रोम जगभर हे माप सतत मोडणाऱ्या साइटवरच्या सगळ्याच जाहिराती अडवतो, चांगल्यासुद्धा. चौकोनाची उंची कोडमधे आधीच राखून ठेवा, नाहीतर जाहिरात उशिरा लोड होते, मजकूर खाली उडी मारतो आणि अंगठा परत तिथेच. अॅड्स डॉट टेक्स्ट ही फाइल, म्हणजे साइटवरच्या जाहिरातींची जागा कोण विकू शकतं त्याची यादी, डोमेनच्या मुळाशीच ठेवायची, आम्ही ती एका फोल्डरमधे टाकून बसलो होतो आणि महिनाभर रेट का पडले म्हणून डोकं खाजवत होतो. आणि तळाशी टाकलेली जाहिरात स्वस्तात देऊन खूश होऊ नका. निम्मा चौकोन निदान एक सेकंद दिसला तरच तो 'दिसला' असं मोजतात, तळापर्यंत जातो कोण?

परवा दोन गल्ल्यांपलीकडचे ते साहेब स्वतः आले. त्यांचंही अकाउंट गेलं म्हणे, अवैध क्लिक. अपील कसं लिहायचं विचारत होते. चहा पाजला, सोबत काकूंचे पापड दिले. लॉगची ती जुनी फाइल टेबलावरच होती, ती मात्र उलटी करून ठेवली.