व्हॅनच्या स्पीकरमधली शिट्टी : साउंड सिस्टिम घरीच बसवण्याचा माझा अनुभव

व्हॅनमध्ये कारखान्यातून आलेले स्पीकर काढून बरा आवाज आणण्याचे काम घरच्या घरी करता येते, खर्च आवाक्यात राहतो आणि त्यातला अवघड म्हणून सांगितला जाणारा बहुतेक भाग प्रत्यक्षात सोपा असतो. माझे घोडे अडले ते इंजिन सुरू केल्यावर स्पीकरमधून येणाऱ्या एका बारीक शिट्टीपाशी. त्या शिट्टीवर उपाय म्हणून जे जे मला विकले किंवा सुचवले गेले, त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमची व्हॅन सात आसनी आहे, सीएनजीवर चालते आणि तिचे इंजिन पुढच्या आसनांखाली आहे. आमचे भजनी मंडळ तिच्यातूनच गावोगावी जाते आणि वाटेत बहुतेक वेळा शास्त्रीय गायन ऐकले जाते. मूळचे स्पीकर कागदी शंकूचे आणि मागे पेढ्याएवढे चुंबक असलेले होते. ताशी साठ किलोमीटरच्या पुढे गाडी गेली की इंजिनाच्या आवाजात डग्गा बुडून जायचा आणि गायकाचा फक्त वरचा, कर्कश भाग उरायचा. वीस हजार रुपयांच्या आत जे होईल ते करायचे असे मी ठरवले. पुढच्या दारांसाठी साडेसहा इंची कॉम्पोनंट (खर्ज आणि तार यांसाठी वेगवेगळे) स्पीकर चार हजारांना, मागच्या बाजूला कोअॅक्सियल (दोन्ही एकाच चौकटीत असलेली) जोडी दोन हजारांना, आरसीए आउटपुट (अॅम्प्लिफायरला सिग्नल देणारी जोडणी) असलेला साधा स्टिरिओ साडेतीन हजारांना, चार चॅनेलचा अॅम्प्लिफायर साडेसहा हजारांना आणि वायर, फ्यूज, डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर शोषणारी) मिळून साडेतीन हजार, असा हिशेब झाला. सबवूफर (फक्त खर्जासाठीचा मोठा स्पीकर) मी मुद्दाम घेतला नाही, कारण मागची जागा सीएनजीच्या टाकीने व्यापलेली आहे आणि तबल्यासाठी चांगले दार पुरेसे होते.

अॅम्प्लिफायर खरेच लागतो का, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला. स्टिरिओच्या खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' असे छापलेले असते, पण गाडीत जास्तीत जास्त १४.४ व्होल्ट मिळतात आणि तेवढ्यावर ४ ओहमच्या स्पीकरला स्टिरिओमधली चिप गणिताने पाहिले तरी अखंड २६ वॅटच्या वर देऊ शकत नाही. प्रत्यक्षात स्वच्छ आवाज त्याहूनही कमी असतो. स्टिरिओच्या मागे लावलेला १० अँपिअरचा फ्यूज पाहिला तरी छापील दोनशे वॅट तिथून जाणार नाहीत हे कळते. त्यामुळे स्पीकर घेताना आणि अॅम्प्लिफायर घेताना फक्त आरएमएसचा, म्हणजे अखंड मिळणाऱ्या वॅटचा, आकडा पाहावा, बाकीचे आकडे सोडून द्यावेत.

दारांचे काम दोन दुपारींत उरकले आणि त्यात सांगण्यासारखे एवढेच आहे की स्पीकरपेक्षा दाराकडे जास्त लक्ष द्यावे. शंकूच्या पुढून आणि मागून निघणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात, त्यामुळे दाराच्या आतल्या पत्र्यावरची मोठी भोके बुजवली नाहीत तर कितीही महाग स्पीकर लावला तरी खर्जाचा आवाज पोकळच राहतो. मी ब्युटाइलची, वर अॅल्युमिनियमचा थर असलेली शीट रोलरने दाबून लावली. डांबराची शीट स्वस्त मिळते, पण उन्हात तिचा वास सुटतो. स्पीकरखालची कडी एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या बोर्डाची) करू नये, कारण काचेवरून दारात पाणी उतरतच असते आणि एका पावसाळ्यात एमडीएफ फुगून स्क्रू सुटतात. मी पीव्हीसी बोर्डाची कडी कापून घेतली. स्टिरिओसाठी व्हॅनच्या मूळ कपलरला (वायरींच्या प्लगला) बसणारा जोड कपलर मिळतो, तोच वापरावा, म्हणजे कंपनीची एकही वायर कापावी लागत नाही आणि उद्या जुना स्टिरिओ परत लावायचा झाला तर पाच मिनिटांचे काम असते.

सगळे जोडून झाल्यावर इंजिन बंद ठेवून भीमसेन जोशींचा विलंबित ख्याल लावला, तेव्हा तानपुऱ्याची जवार आमच्या व्हॅनमध्ये पहिल्यांदा सुटी आणि स्पष्ट ऐकू आली. मग किल्ली फिरवली आणि तानपुऱ्याच्या वर एक बारीक शिट्टी सुरू झाली. अॅक्सिलरेटर दाबला की ती चढायची, सोडला की उतरायची. तानपुरा एका पट्टीत स्थिर आणि त्याच्या डोक्यावर हा भटका स्वर, असे ऐकणे मला पाच मिनिटेही सहन होत नव्हते.

पुण्यात गाडीच्या सामानासाठी नाना पेठ, म्हणून आधी तिथल्या एका दुकानात गेलो. दुकानातल्या मुलाने व्हॅनमध्ये बसून एक धडधडणारे नाचाचे गाणे मोठ्याने लावले आणि विचारले, "कुठे येतोय आवाज, काका?" अशा गाण्यात शिट्टी ऐकू येणार नाही हे उघड होते. मी गाणे थांबवून आवाज तसाच वर ठेवला, तेव्हा त्याला ती ऐकू आली आणि त्याने लगेच आरसीए वायरीत बसणारा नॉइज फिल्टर काढून दिला. त्याचे सहाशे रुपये झाले. शिट्टी खरोखरच कमी झाली, पण डग्ग्याची घुमारदार मींड सपाट झाली. स्वस्त फिल्टरमध्ये दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात आणि खालच्या कंपनसंख्यांना ते तोकडे पडतात, म्हणजे ज्या आवाजासाठी दारांवर एवढी मेहनत घेतली तोच हा डबीएवढा फिल्टर खाऊन टाकत होता. मी तो परत घेऊन गेलो, तर इलेक्ट्रिकल माल परत घेत नाही असे सांगून त्यांनी त्याहून मोठा फिल्टर पुढे केला. तपासून द्या म्हटले, तर वायरमन शनिवारी येतो असे उत्तर मिळाले आणि शनिवारी गेल्यावर वायरमन पुढच्या शनिवारी येणार होता. दुसऱ्या एका ठिकाणी अॅम्प्लिफायर बदलायला सांगितले. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तर, बाहेरचे सामान लावले की असेच होणार, असे सांगून बॉनेटकडे किंवा आसनाखाली कोणी पाहिलेसुद्धा नाही, आणि काउंटरवर एकाने अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारे यंत्र) बदलून पाहा असे सुचवले, ज्याचा खर्च माझ्या अख्ख्या सिस्टिमच्या जवळपास जात होता. यांच्यापैकी एकानेही मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) हातात घेतला नाही, याची चीड मला सर्वांत जास्त आली.

शेवटी विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीतून एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणला आणि क्रमाने एकेक शक्यता खोडत गेलो. हा क्रम मी नीट लिहितो, कारण ज्याच्या व्हॅनमध्ये शिट्टी आहे त्याने काहीही विकत घेण्याआधी तो करून पाहावा.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी ही अल्टरनेटरची असते. अल्टरनेटर मुळात एसी वीज तयार करतो, आतले डायोड तिची डीसी करतात आणि तरीही तिच्यावर थोडी लहर शिल्लक राहते. एखादा डायोड गेला असेल तर ही लहर फार वाढते. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर एसी व्होल्टवर लावला तर ते कळते. माझा आकडा नगण्य होता, म्हणजे अल्टरनेटर निर्दोष होता आणि वर्कशॉपचा सल्ला तिथेच निकालात निघाला.

मग अॅम्प्लिफायरमधून चारही आरसीए पिना काढल्या आणि त्यांच्या जागी आतला व बाहेरचा भाग एकमेकांना झाळलेल्या रिकाम्या पिना बसवल्या. शिट्टी संपूर्ण बंद झाली. याचा अर्थ अॅम्प्लिफायर, त्याची बॅटरीची वायर आणि त्याची अर्थिंग किंवा 'अर्थ' (प्रवाह परत नेण्यासाठी व्हॅनच्या लोखंडी बॉडीला केलेली जोडणी), तिन्ही ठीक होते. त्यानंतर मोबाइल थेट अॅम्प्लिफायरला जोडला. मोबाइल स्वतःच्या बॅटरीवर असताना आवाज स्वच्छ होता, पण त्याला व्हॅनचा चार्जर लावताच शिट्टी परत आली. या एका गोष्टीने मला दिशा दिली : सिग्नल देणाऱ्या वस्तूला व्हॅनच्या बॉडीची दुसरी अर्थ मिळाली की शिट्टी यायची. आरसीए वायर पॉवरच्या वायरीजवळून जात असल्यामुळेही असे होते, म्हणून एक जादा आरसीए वायर आसनांवरून मोकळी टाकून पाहिली. फरक पडला नाही. रेडिओच्या अँटेनाची वायरही बॉडीला अर्थ करते, म्हणून तीही काढून पाहिली. तरीही फरक नव्हता.

उरली ती स्टिरिओची अर्थ. इंजिन, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून मीटरचे एक टोक स्टिरिओच्या लोखंडी अंगाला आणि दुसरे अॅम्प्लिफायरच्या अर्थच्या बोल्टला लावले. दोन्ही ठिकाणे अर्थ, म्हणून आकडा शून्याच्या आसपास हवा होता. मीटरने ०.१९ व्होल्ट दाखवले. ब्लोअर बंद केला तर ०.११ झाले, पुन्हा चालू केला तर पुन्हा ०.१९. तो आकडा ब्लोअरच्या बटणाबरोबर वरखाली होताना पाहिला, तेव्हा इतके दिवस लपलेली गोष्ट समोर उभी राहिली.

स्टिरिओची काळी वायर मूळ कपलरमधून डॅशबोर्डमागच्या एका बोल्टवर जाते आणि त्याच बोल्टवर ब्लोअर व इतर उपकरणांचा प्रवाहही परततो. मूळ स्टिरिओला बाहेरचा अॅम्प्लिफायर नसल्याने तिथे हे खपून जाते. मात्र अॅम्प्लिफायरची अर्थ दुसऱ्या जागी असली की त्या दोन अर्थांमधला फरक आरसीए वायरीच्या बाहेरच्या जाळीतून वाहू लागतो आणि अॅम्प्लिफायर त्यालाच गाणे समजून मोठे करतो. अल्टरनेटरची लहर त्या फरकातच मिसळलेली असते.

उपाय शंभर रुपयांच्या आतला निघाला. जोड कपलरमधली काळ्या वायरीची पिन बाहेर काढली, तिला १२ गेजची जाड काळी वायर जोडली आणि ती वायर सरळ अॅम्प्लिफायरच्या अर्थच्या बोल्टवर आणून आवळली. आता स्टिरिओ आणि अॅम्प्लिफायर यांची अर्थ एकच झाली आणि त्या वायरीत ब्लोअरचा प्रवाह येण्याचा प्रश्नच उरला नाही. मीटरवरचा आकडा दहा मिलिव्होल्टच्या खाली आला. फिल्टर काढून टाकला, इंजिन सुरू केले, अॅक्सिलरेटर दाबून पाहिला, आवाज अर्ध्याच्या वर नेला. शिट्टी नव्हती आणि डग्गा जागेवर होता. त्या क्षणी झालेला आनंद मी लपवणार नाही, आणि हे दुकानदाराविना स्वतः शोधले याचा अभिमानही वाटतो.

अर्थचा बोल्ट निवडताना सीट बेल्टचा बोल्ट कधीही घेऊ नये. तो जीव वाचवण्यासाठी ठरावीक ताणाने आवळलेला असतो. बॉडीचा वेगळा बोल्ट घेऊन त्याभोवतीचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासावा, दातेरी वॉशर घालावा आणि आवळल्यावर वरून ग्रीस लावावे, नाहीतर पावसाळ्यात तिथेच गंज धरतो.

सीएनजी व्हॅनच्या मालकांना एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती : फरशीला ड्रिल मारू नये. टाकीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत सुमारे २०० बार दाबाचा वायू असतो आणि ती नळी फरशीखालूनच जाते. मी अॅम्प्लिफायर टाकीपासून दूर, मधल्या आसनाखाली, आसनाच्याच चौकटीला पट्ट्यांनी बसवला. बॅटरीपासून येणाऱ्या वायरीचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच हवा, कारण तो वायरीला वाचवण्यासाठी असतो. ही वायर घेताना एक टोक सोलून पाहावे. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर बाजारात सर्रास तांब्याच्या नावाने विकली जाते. चाकूने तार खरवडली की आतला पांढरा धातू दिसतो. ती घ्यायचीच असेल तर दोन गेज जाड घ्यावी.

स्पीकरच्या जोडणीत दोन दारांचे प्लस-मायनस उलटसुलट झाले तर खर्ज नाहीसा होतो. दाराचा पॅड बसवण्याआधी दीड व्होल्टचा सेल वायरींना क्षणभर टेकवून पाहावा. सेलचे प्लस टोक स्पीकरच्या प्लसला असेल तर शंकू बाहेर येतो. दोन्ही दारांत तो बाहेरच यायला हवा.

अॅम्प्लिफायरचा गेन (आलेला सिग्नल किती मोठा करायचा ते ठरवणारे बटण) कानाने लावू नये. स्पीकर सोडवून, स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवून, मोबाइलमध्ये उतरवलेला एक हजार हर्ट्झचा सलग स्वर वाजवावा आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून आउटपुट मोजावे. पन्नास वॅट आणि ४ ओहमसाठी आकडा १४.१ व्होल्ट येतो. मी तो १२ व्होल्टवर थांबवला आणि पुढच्या दारांना ८० हर्ट्झचा हाय पास (त्याखालचे स्वर अडवणारा फिल्टर) लावला, त्यामुळे घाटात चढावर आवाज वाढवला तरी स्पीकर फाटल्यासारखा वाजत नाही.