एकच घंटा

२०११ च्या जुलैत बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात ट्रंक लाईनी, म्हणजे एक्स्चेंजकडून येणाऱ्या लाईनी, नव्या ईपीएबीएक्सला, म्हणजे ऑफिसातले फोन सांभाळणाऱ्या मशीनला, जोडायला गेलो होतो. चार ट्रंक, १६ एक्स्टेंशन. अर्ध्या दिवसाचं काम.

मालक रिसेप्शनवरच्या बाईंसमोरच म्हणाले, "गिऱ्हाईकं बोंब मारत्यात. फोन एकदा वाजतोय नि गप्प. ह्या उचलतच न्हाईत."

"दादा, एकदाच घंटा वाजते की हो," बाई मला हळूच म्हणाल्या. "हात लावायच्या आत बंद."

क्रोनवर, म्हणजे तारा बसवायच्या पट्टीवर, तारांच्या जोड्या पंच केल्या, जंपरच्या जोडतारा ओढल्या, चारही लाईनींवर डायल टोन आला. मग मोबाईलवरून पहिल्या नंबरला फोन लावला. एक घंटा वाजली आणि बंद. मला मात्र पलीकडून कुणी उचलल्यासारखी शांतता ऐकू येत होती. मशीन नवी, दोष तोच. म्हणजे मशीनचा नाही आणि बाईंचाही नाही.

बाकी तीन लाईनी ठणठणीत होत्या, पण व्हिजिटिंग कार्डावर छापलेला नंबर पहिलाच. एक लाईन गुंतलेली असली की फोन पुढच्या लाईनीवर वळवायच्या सोयीला हंटिंग म्हणतात; पहिला नंबर रिकामा असेपर्यंत त्यात फोन दुसरीकडे वळत नाही, म्हणून येणारा जवळजवळ प्रत्येक फोन त्याच लाईनीवर येऊन मरत होता. जाणारे फोन नीट लागत होते, त्यामुळे लाईन खराब असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मीटर लावला. रिसीव्हर खाली असताना ४८ च्या आसपास व्होल्ट हवेत, इथं ४१. एक्स्चेंजकडची जोडी आणि मशीनकडची जोडी, दोन्ही सोडवल्या आणि आतल्या वायरिंगच्या दोन तारांमध्ये ओहम मोजले. तारा एकमेकींपासून अलग असायला हव्यात, तर मधे जेमतेम चार हजार ओहम. कुठंतरी करंट गळत होता. घंटेचा एसी करंट, ७५ व्होल्टच्या घरातला, लाईनीवर चढला की ही गळती आणखी वाढायची आणि एक्स्चेंजला वाटायचं, रिसीव्हर उचलला. मग घंटा थांबायची. फोन करणाऱ्याला वर कॉलचे पैसेही पडत असणार.

वायरिंगवरच्या पट्ट्या उचकटत निघालो. एमडीएफजवळ, म्हणजे सगळ्या तारा एकत्र येतात त्या चौकटीजवळ, त्याच जोडीला वायरीची जुनी एक फांदी जोडलेली सापडली, कुठल्याच कागदावर नसलेली. ती भिंतीतून बाहेर, गेटाजवळच्या बंद पडलेल्या वॉचमनच्या खोलीत जात होती. पत्र्यातून पाणी ठिबकत होतं. खिडकीखाली फोनची डबी, तिच्यात कुंभारमाशीनं घर केलेलं. झाकण काढलं तर ओली माती दोन्ही स्क्रूंना चिकटून बसलेली आणि तांब्यावर हिरवा थर. उन्हाळ्यात ही माती वाळत असेल तेव्हा फोन नीट वाजत असणार. बाईंना बोलणी पावसाळ्यातच का बसतात हे कुणी ताडून पाहिलंच नव्हतं. याचं मला फार वाईट वाटलं.

फांदी एमडीएफपाशीच कापली. मीटरवर ४९ व्होल्ट.

डबी मातीसकट मालकांच्या टेबलावर ठेवली आणि बाईंना बोलावून घेऊन दोघांसमोर सगळं सांगितलं. मालक डबीकडे बघत राहिले. "बाई, माझं चुकलं," एवढंच म्हणाले.

मी परत मोबाईल लावला. घंटा वाजली. दुसरी वाजली. बाई जागेवर जाऊन बसल्या, तिसऱ्या घंटेला रिसीव्हर उचलला आणि नेहमीसारखं आधी कन्नडात, मग मराठीत "नमस्कार" म्हणाल्या.