अर्ज कन्नडमध्ये हवा

सोमवार, रात्री

आज जेवणाच्या वहीत 19 आकडा लिहिला. गेल्या सोमवारी 52 होता. बाकीची पोरं घरनं डबा घेऊन आली आणि व्हरांड्याच्या टोकाला स्वयंपाकखोलीकडं पाठ करून बसली. पाठ करा म्हणून घरी कुणीतरी सांगितलं असणार. पोरांना आपणहून असलं सुचत नाही.

कारण आमची अक्षर दासोहची, म्हणजे कर्नाटकातल्या शाळांच्या दुपारच्या जेवणाची, अक्का. नऊ वर्षं शाळेचा भात तिच्या हातचा. गावातल्या मोबाईलवर 2005 सालची मुंबईची एक क्लिप फिरतेय. महाराष्ट्र सरकारनं डान्स बार बंद केले, तेव्हाच्या मोर्चाची. त्यात अक्का आहे. नाचत नाही, डोक्यावर पदर घेऊन घोषणा देतेय. तेवढ्यावर गावानं हिशेब केला.

मी काही विचारलं नव्हतं. शनिवारी सकाळी दुधाची पावडर कालवताना तिनंच विषय काढला. आधी वाटीभर कोमट पाण्यात पावडर घोटून घेते, मग पातेल्यात सोडते, म्हणून आमच्या दुधात गुठळी नसते. घोटता घोटता म्हणाली, "थ्री स्टार हॉटेलात नाच चालूच हुता बाई. बंदी आमालाच." खरं आहे ते. मोठ्या हॉटेलांना कायद्यातच सूट होती. 2006 ला हायकोर्टानं बंदी रद्द केली ती या भेदभावावरही बोट ठेवून, आणि 2013 ला सुप्रीम कोर्टानं तो निकाल कायम ठेवला. तोवर ही गावी परतून काजूच्या कारखान्यात टरफलाच्या चिकानं बोटं काळी करून घेत होती.

त्याच दुपारी एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या पालक समितीची, मीटिंग. अक्काला काढा, असा वर अर्ज द्यायचा ठरला, आणि अर्ज कन्नडमध्ये हवा. हीच माणसं मराठीत कागद मागतात आणि सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधात दर 1 नोव्हेंबरला काळ्या दिवसाच्या फेरीत असतात. शनिवारी मात्र कन्नडवरून कुणाचं काही अडलं नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"कारण काय लिहू? भात कच्चा असतो?"

"न्हाई."

"तांदूळ चोरला?"

"छे, छे."

मग अध्यक्षांनीच सुचवलं, "चारित्र्य लिवा की बाई. कन्नडमध्ये पण चारित्र्यच म्हणतात न्हवं?"

म्हणतात.

मी लिहिणार नाही, एवढं म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "माझं कन्नड एवढं पक्कं नाही ओ." सुटले. आता खानापुरात कुणाकडून तरी लिहून आणणार आहेत.

काल रात्री मोबाईलवर शोधत बसले होते. कॅलिफोर्नियात 2012 साली एका विज्ञानाच्या शिक्षिकेला जुन्या अश्लील फिल्मवरून काढलं. सुनावणीतही निकाल तिच्या विरोधात गेला. फिल्म तिनं शिक्षिका व्हायच्या आधी केली होती. मी झोपले तेव्हा दोन वाजले असतील.

आज भांडी घासताना अक्कानं विचारलं, "अर्ज तुमी लिवला न्हाई म्हणं?"

"माझं कन्नड..."

ती हसली. पाचवीच्या वर्गात मी कन्नडचा धडा वाचते तो भिंतीपलीकडं चुलीपर्यंत ऐकू जातो, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

"होय की," म्हणाली, आणि उरलेला भात दाखवून विचारलं, उद्या तांदूळ किती मोजू.