आमची वाटचाल : खुर्च्यांऐवजी किलो मोजताना

विमान घेऊ पाहणाऱ्यांना सल्ला देण्याचं काम पुण्यात सुरू केलं, तेव्हा आमच्या तक्त्यात चारच रकाने होते: किंमत, वेग, पल्ला, खुर्च्या. आता पहिला रकाना असतो तो टाकी भरल्यावर उरणाऱ्या वजनाचा.

सेसना १७२एस चार खुर्च्यांचं. उड्डाणाचं कमाल वजन ११५७ किलो, रिकामं विमान साधारण ७७५. भरलेल्या टाकीतल्या दोनशे लिटर अ‍ॅवगॅसचे (विमानाच्या पेट्रोलचे) १४४ किलो धरले की उरतात २३८. म्हणजे तीन मोठी माणसं आणि थोडं सामान. चौथा हवा असेल तर इंधन कमी भरा, मग पल्लाही आखडतो.

त्यानंतर उन्हाळ्याचा रकाना आला. पुण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ५९२ मीटरवर. पारा ४० अंशांवर गेला की तिथली हवा सुमारे १६५० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद, प्रोपेलरची ओढ आणि पंखांची उचल तिन्ही घटतात, धाव लांबते. म्हणून माहितीपत्रकातले १५ अंशांचे आकडे आम्ही वापरत नाही. मे महिन्यातल्या दुपारचे आकडे हँडबुकातून काढतो आणि जुहूच्या ११४३ मीटर धावपट्टीशी ताडून बघतो.

टर्बोप्रॉप (टर्बाइनवर प्रोपेलर फिरवणारं विमान) की जेट, हा प्रश्न बहुतेकांना वेगाचा वाटतो. ३०० सागरी मैलांना २८० नॉटचं (तासाला २८० सागरी मैल) पिलॅटस पीसी-१२ हे टर्बोप्रॉप साधारण ६४ मिनिटं घेतं, ४०० नॉटचं छोटं जेट ४५. एवढ्या १९ मिनिटांसाठी जेट घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पीसी-१२ आखूड आणि कच्च्या पट्टीवरही उतरतं. रोजचा पल्ला हजार मैलांचा असेल तर गोष्ट वेगळी.

खर्चात तास बघा. हँगर, विमा, वैमानिक, देखभाल करार मिळून वर्षाला दीड कोटी धरले, तर १०० तासांना तासाचे दीड लाख पडतात, ३०० तासांना पन्नास हजार, इंधन वेगळं. खासगी नोंदणीच्या विमानात भाडं घेता येत नाही, त्यामुळे ‘रिकाम्या दिवसांत भाड्याने देऊ’ हा हिशेब परवान्याशिवाय मांडूच नका.

जुन्या विमानाला सर्वांत जास्त वेळ देतो. छोट्या विमानांतल्या लायकमिंग इंजिनाचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो. विमान उभं राहिलं की तेल निथळतं, पावसाळी दमट हवेत गंज धरतो, मग त्याला टेकलेले टॅपेट (झडपा ढकलणारे भाग) झिजतात. जमिनीवर दहा मिनिटं इंजिन फिरवल्याने तेलातलं पाणी उडत नाही. महिन्यातून एकदा तरी तासभर उड्डाण लागतं, तेल ७४ ते ९३ अंश तापायला हवं. म्हणून लॉगबुकात एकूण तासांआधी आम्ही दोन उड्डाणांमधले खंड बघतो, आणि ऑइल फिल्टर कापून त्यातली लोखंडी कीस चुंबकावर घेतल्याशिवाय भावाचं बोलत नाही.