चालू झालं, पण कशानं?

आत्याकडच्या राउटरचं वाय-फाय माझ्या खिडकीत पकडायला मी पत्र्याच्या डब्याचा अँटेना केलाय. संध्याकाळपासून त्याच्या सिग्नलचा आकडा उणे ६२ वर आहे (शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). एखाद-दुसऱ्या डेसिबलनं इकडेतिकडे होतो, बाकी ढिम्म. काल रात्री याच खिडकीत, याच डब्यानं उणे ८२ दाखवत होता आणि साधं एक पान उघडायला जीव जात होता. म्हणजे मी खूश असायला हवं. नाहीये. चिडचिड होतेय, आणि ती काढावी कुणावर तेही कळत नाही.

दादा म्हणाला, "चाललं ना? मग सोड की आता." त्याचं बरोबरच आहे. म्हणूनच लागलं बहुतेक.

कारण मी काही केलेलंच नाही. दुपारी डबा खाली उतरवला, पुन्हा मोजला, मापं बरोबर निघाली, होता तसा परत चढवला. यात दुरुस्ती म्हणावी असं काय आहे?

मापं तर इतक्या वेळा तपासलीत की झोपेतही सांगेन. डब्याचा आतला व्यास ८३ मिलिमीटर. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या मध्याला हवेत तरंगलांबी साधारण १२.३ सेंटीमीटर येते, तिचा पाव हिस्सा म्हणजे ३१ मिलिमीटरची तांब्याची तार, डब्याच्या भिंतीतून आत डोकावणारी. इथवर कुणालाही जमेल. खरी गंमत आतली. डब्यात शिरल्यावर तीच लाट ताणली जाते, आणि डबा जितका अरुंद तितकी जास्त. ८३ च्या डब्यात ती जवळपास २४.७ सेंटीमीटर होते, ९० च्या डब्यात साडेवीस. ७२ च्या खाली गेलं की ती आतून पुढे सरकतच नाही, दाराशीच विरते. (त्या उंच, बारीक नळकांड्यांवर लोक इतके का भाळतात देव जाणे. ७५ चं नळकांडं घेतलं तर एक-दोन मिलिमीटरच्या चुकीनं सगळं गणित कोसळतं.) तार बुडापासून या ताणलेल्या लाटेच्या पाव अंतरावर हवी. माझी ६२ मिलिमीटरवर आहे. आज परत पट्टी लावली, ६२ च. तारेच्या टोकावर कानशीचे ओरखडे अजून ताजे दिसतात, डाख चकचकीत आहे, भोकाच्या कडेची धार मी तेव्हाच काढली होती. बघत बसावं असं काम झालंय. मग काल ते चालत का नव्हतं?

आणि आज का चालतंय? जास्त छळतंय ते हेच.

२० डेसिबल ही काही इकडची तिकडची गोष्ट नाही. १० म्हणजे दसपट, २० म्हणजे शंभरपट. एवढं मोठं काहीतरी कालपर्यंत बिघडलेलं होतं आणि आज नाहीये. केबलवर संशय घ्यावा तर तिची लांबी हातभर, आणि आरजी-५८ जातीची केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे साधारण एक डेसिबल खाते. तार मिलिमीटरभर कमीजास्त असती तरी थोडंफारच गेलं असतं. मधल्या झाडाची पानं? ओली असली तर खातात, पण कालही कोरडीच होती. शंभरपटीचा चोर हवाय. तो एकतर तुटका सांधा तरी असणार, नाहीतर दोन्हीकडच्या अँटेनांच्या उभ्या-आडव्याचा घोळ.

सांध्याचं म्हणाल तर कनेक्टर मी पहिल्याच दिवशी पाहून घेतले होते. एसएमए आणि आरपी-एसएमए ही कनेक्टरच्या दोन जातींची जोडी भलती फसवी. आटे एकमेकांत अगदी मऊ बसतात, शेवटपर्यंत आवळले जातात, आणि आत भोकासमोर भोक. मधली पिन कुठेच नाही. बाहेरून बघणाऱ्याला सगळं पक्कं वाटतं. माझ्याकडे तसं नाहीये, भिंगातून बघितलंय. मल्टीमीटरही लावला, केबल वाकवून, पिळून, ओढून बघितली, बीप एकदाही तुटला नाही. पण मल्टीमीटरला कळतं ते डीसी, एकाच दिशेनं वाहणारा साधा प्रवाह. केबलच्या बाहेरच्या जाळीचा कनेक्टरवर दाबलेला सांधा आतून सैल असेल तर २.४ गिगाहर्ट्झला तिथं काय दिसत असेल हे तो बिचारा कुठून सांगणार? आज काढताना-लावताना तो सांधा हलून नीट बसला असेल. असेल! सगळी बोंब या "असेल"चीच आहे. हलून बसला असेल तर हलून सुटेलही. मग मी आपली रोज खिडकीत उभी, आकड्याकडे बघत.

आईचा फोन येऊन गेला मधे, उचलला नाही. उद्या करीन. तिला काय सांगायचं ते अजून ठरत नाहीये, आणि तो विषय वेगळाच आहे.

खरं सांगायचं तर वाईट याचं वाटतंय की एवढे दिवस घालवले, बोटं भाजली, सगळ्यांची "नवा राउटर घे की" ऐकून घेतली, आणि शेवटी बरं व्हायचं तर ते माझ्या हातून तरी व्हायला हवं होतं. हे माझ्यामुळे झालं नाही, माझ्यासमोर झालं फक्त. शाबासकी घ्यावी तर कशाची?

इथपर्यंत लिहिलं आणि आत्याला फोन केला. उगाच. राउटर तिच्याकडे आहे, तिकडे काही बदललंय का विचारावं म्हणून.

"काही नाही गं. सकाळी पुसला तेवढा. केवढी धूळ बसली होती त्याच्यावर! त्या दोन दांड्या आडव्या पडल्या होत्या, त्या उभ्या करून ठेवल्या. छान दिसतात आता."

मी गप्पच झाले.

आडव्या म्हणजे कशा, विचारलं. कुठल्या बाजूला? खिडकीकडे टोक करून की भिंतीला समांतर? तिला आठवेना. "एक आडवी होती बहुतेक. नाही, दोन्ही. अगं, पुसताना कोण बघतं?"

आता बघा. दांडी म्हणजे राउटरचा अँटेना. ती ज्या दिशेला टोक करते त्या दिशेला ती जवळजवळ काहीच सोडत नाही, सगळं जातं आजूबाजूला. टोक माझ्या खिडकीकडे असेल तर मी नेमकी त्या खड्ड्यात बसले होते. आणि भिंतीला समांतर पडली असेल तर लाट आडवी, माझी तार उभी. कागदावर हे गणित फार लबाड आहे. ४५ अंश तिरकं असलं तरी जेमतेम ३ डेसिबल जातात, ६० ला ६, आणि मग उतार लागतो. ८० अंशाला १५, पुढं तर विचारूच नका. भिंतींवर आपटून थोडंफार सरळ होऊन येतं म्हणून उणे ८२ तरी मिळत होतं. म्हणजे शंभरपटीचा चोर तिकडे टेबलावर आडवा पडला होता, आणि आत्यानं त्याला फडक्यानं उठवून बसवलं.

सकाळी! मी डबा उतरवला दुपारी. त्याआधी आकडा पाहिलाच नव्हता, कालचाच डोक्यात होता. म्हणजे ठणठणीत पेशंटचं पोट उघडून, सगळे अवयव मोजून, परत शिवून ठेवलं मी. आणि वर संध्याकाळभर रडत बसले की श्रेय मिळालं नाही. हसू आलं, एकटीच हसले.

तरी सांध्याची शंका पूर्ण जात नाही, खोटं का बोला. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्यात, आणि आत्याची आठवण हा काही पुरावा नव्हे. उद्या तिलाच कामाला लावते. आधी दोन्ही दांड्या माझ्या खिडकीकडे टोक करून, मग भिंतीला समांतर, मग परत उभ्या. प्रत्येक वेळी मिनिटभर थांबून आकडा लिहायचा, आणि तेवढा वेळ तिनं राउटरसमोरून बाजूला व्हायचं, कारण माणूस मधे आला तरी सिग्नल पडतो. आडव्या केल्यावर उणे ८० च्या आसपास आला तर सांधा निर्दोष, विषय संपला. नाही आला तर कनेक्टर कापून नवा बसवणार.

तिला हे सांगितलं तर म्हणाली, कर काय करायचं ते, पण सिरियलच्या वेळेला नको. म्हटलं, दुपारी करू.