बोलेरोचा मागचा एक्सल: धडकेनंतरचा आवाज आणि जडपणा, आतापर्यंतचं काम

गाडी जुनी डीआय बोलेरो आहे. २५२३ सीसीचं डिझेल इंजिन, मागच्या चाकांना ताकद, मागं पाटे आणि ड्रम ब्रेक, टायर २१५/७५ आर १५. दारव्हा-कारंजा रस्त्यावर रात्री तुरीतून रोही (नीलगाय) आडवा आला. त्याला वाचवताना मागचं डावं चाक रपट्याच्या कडेच्या दगडावर जोरात आदळलं. रोही निघून गेला, आतल्या कोणाला खरचटलंही नाही. वाकलेली रिम बदलली, पत्र्याचं किरकोळ काम झालं.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. चाळीसच्या वर मागून घुमणारा आवाज, साठीला सीटखाली बारीक थरथर, आणि गाडी ओढेना. जो चढ चौथ्या गिअरमध्ये सहज निघायचा, तिथं तिसरा टाकावा लागू लागला. ज्याला विचारलं त्याचं एकच उत्तर: क्राऊन-पिनियन (मागच्या एक्सलमधली, इंजिनाची ताकद चाकांकडं वळवणारी दातेरी चाकांची जोडी) गेलं, हाउसिंग म्हणजे एक्सलचं कवच खोला. मला ते पटत नव्हतं. क्राऊन-पिनियनचा आवाज भाराप्रमाणे बदलतो. ॲक्सिलरेटर दाबला की एक सूर, सोडला की दुसरा. इथं पाय दाबा की सोडा, सूर तोच.

म्हणून खोलायच्या आधी आवाज कुठून येतो ते ठरवलं. ताशी ४५ वर चौथ्यातून पाचव्यात टाकलं. इंजिनाचे फेरे उतरले, आवाज जागचा हलला नाही. न्यूट्रलमध्ये सोडून दिली, तरी आवाज होताच. म्हणजे इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स सुटले, जे काही आहे ते चाकांच्या वेगाशी बांधलेलं आहे. पुढचे-मागचे टायर अदलाबदल केले, आवाज टायरबरोबर पुढं गेला नाही.

थरथरीसाठी मोबाईलमधलं कंपन मोजणारं ॲप सीटच्या रुळावर चिकटवलं. त्याआधी एक हिशोब करून ठेवला होता. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, मागचं एक चाक उचलून एक्सलखाली स्टँड दिला, गिअर न्यूट्रलमध्ये. एक चाक जमिनीवर असलं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी एक्सलमधली गिअरची जुळणी) उचललेल्या चाकाच्या दोन फेऱ्यांत प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतचा दांडा, एक्सलच्या पूर्ण गिअर गुणोत्तराइतका फिरतो. शाफ्टवर खडूची खूण करून मोजलं, सव्वाचारच्या किंचित वर आलं. या टायरचा घेर साधारण २.२ मीटर. ताशी ६० ला चाक सेकंदाला साडेसात वेळा फिरतं, शाफ्ट ३२ च्या आसपास. टायरचा तोल गेला असता तर कंपन साडेसातला दिसलं असतं, शाफ्टचा तोल गेला असता तर ३२ ला. ॲपवर शिखर आलं ६४ ला, म्हणजे शाफ्टच्या एका फेरीत दोन झटके. हे क्रॉसचं, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या फुलीसारख्या सांध्याचं काम. क्रॉस तिरपा चालला की त्याच्या पुढचा शाफ्ट एका फेरीत दोनदा पळतो आणि दोनदा रेंगाळतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर एकाची चूक दुसरा खाऊन टाकतो. ६४ चा आकडा म्हणजे दोन कोनांत आता जमत नाहीये. मला या सगळ्या कामातला सगळ्यात आवडलेला क्षण हाच. गाडी न खोलता कुठं बघायचं ते आकड्यानं सांगितलं.

मग एक्सल जागेवर आहे का, हा प्रश्न आला. त्याचं पहिलं उत्तर पांदणीनं दिलं. ओलीतानंतर पांदण ओली होती, त्यावरून गाडी सरळ नेली आणि उतरून ठसे पाहिले. मागच्या चाकांचे ठसे पुढच्या ठशांच्या डावीकडं पडत होते. स्टिअरिंगही सरळ चालताना थोडं डावीकडं धरावं लागत होतं, ते आम्ही सगळे पुढच्या अलाइनमेंटवर ढकलत होतो.

गाडी सिमेंटच्या खळ्यावर आणली. गवंड्याचा ओळंबा घेऊन चारही हबच्या मध्यातून खाली खुणा केल्या, स्टिअरिंग सरळ ठेवून. उजव्या बाजूला पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर २६८० मिमी, कंपनीचा आकडाही तोच. डाव्या बाजूला २७०२. एक्सलचं डावं टोक २२ मिमी मागं सरकलं होतं. दोन चाकांमधल्या अंतरावर हे एका अंशाच्या आसपास तिरकं होतं.

शेजारच्या गावचे म्हातारे मिस्त्री हे बघायला आले. त्यांनी खाली वाकून यू क्लॅम्पवर हातोडीचा एक टोला दिला आणि म्हणाले, "भाऊ, हाउसिंग काहून खोलता? याचा सेंटर बोल्ट पाहा पहिले." पाट्यांच्या थराला बांधून ठेवणारा हा एक बोल्ट. त्याचं डोकं एक्सलच्या बसकीतल्या भोकात बसतं, त्यावरच एक्सलची जागा ठरते. डावीकडचा बोल्ट कापल्यासारखा तुटला होता. यू क्लॅम्पनी नुसत्या दाबावर एक्सल धरून ठेवला होता, चुकीच्या जागी.

जडपणाचं उत्तरही तिथंच मिळालं. त्याआधी सपाट रस्त्यावर ताशी ४० वरून न्यूट्रलमध्ये सोडून गाडी किती लांब जाते ते दोन्ही दिशांनी मोजलं होतं, म्हणजे उतार आणि वारा हिशोबातून निघून जातात. सरासरी १५० मीटरच. नंतर ब्रेक न लावता थांबून इन्फ्रारेड थर्मामीटरनं ड्रम पाहिले: उजवा ४१ अंश, डावा ९३. एक्सलचं डावं टोक मागं गेल्यानं डावी हँडब्रेक केबल ताणली गेली होती आणि लायनर कायम ड्रमला घासत होते. इंजिन बिचारं ठीक होतं, धूरही काळा नव्हता.

दुरुस्ती सांगण्यासारखी मोठी नाही. दोन्ही बाजूंचे सेंटर बोल्ट नवीन, यू क्लॅम्प नवीन, कारण एकदा ताणलेले पुन्हा वापरू नयेत. गाडीचं वजन पाट्यांवर घेऊन तिरप्या क्रमानं आवळले, थोडं चालवून परत आवळले. प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी फ्लॅन्ज आणि सरकत्या सांध्यावर रंगाच्या खुणा केल्या होत्या. दोन्ही टोकांचे यॉक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत बसले नाहीत तर तीच थरथर पुन्हा येते. पिनियनकडच्या क्रॉसची एक वाटी कोरडी आणि अडखळणारी निघाली, तो बदलला. डावे लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले होते, जोडी बदलली, केबल नव्यानं सैल केली. डिफरन्शियलचं ऑइलही काढून पाहिलं. प्लगच्या चुंबकावर करडी बारीक पेस्ट, ती नेहमीचीच. चकाकणारे तुकडे नाहीत, ऑइल दुधाळ नाही. क्राऊन-पिनियनला हात लावला नाही.

आता डावी-उजवी अंतरं २ मिमीच्या आत आहेत. ६४ चं शिखर जवळपास बसलं. ४० वरून गाडी २७० मीटरच्या पुढं जाते, तो चढ पुन्हा चौथ्यात निघतो.

राहिलाय तो घुमणारा आवाज. कमी झाला, गेला नाही. उजव्या वळणावर वाढतो, डाव्या वळणावर दबतो. उजवीकडं वळताना भार डाव्या चाकावर जातो, म्हणजे डावं मागचं बेअरिंग. दगडाच्या धक्क्यानं रोलरचे खड्डे रेसमध्ये (रोलर ज्यावर फिरतात त्या कड्यात) उमटले असणार. चाक उचलून हातानं फिरवलं आणि दुसरा हात पाट्यावर ठेवला की खरखर स्पष्ट लागते, उजवीकडं लागत नाही.

बेअरिंग आणि ऑइल सील नागपूरहून मागवलंय. एक्सल शाफ्ट बाहेर आला की आधी लेथवर दोन सेंटरांत धरून डायल गेज लावणार, कारण फ्लॅन्ज वाकलेला असेल तर नवं बेअरिंगही टिकायचं नाही. तोवर गाडी शेतापुरतीच, ५० च्या आत, आणि प्रत्येक वेळी परत आल्यावर डाव्या हबचं तापमान वहीत लिहितोय.