ठोकळे घेताना आधी माप बघा, रंग नंतर

लाकडी ठोकळ्यांचा डबा हातात घेतला की नजर आधी रंगांवर जाते आणि मग '१०० नग' या आकड्यावर. दोन्ही फसवे आहेत. शंभरातले चाळीस नग त्रिकोण, कमानी आणि गोल खांब असतील, तर त्यांच्यावर फारसं काही रचता येत नाही. बांधकाम होतं ते साध्या, विटेसारख्या ठोकळ्यांनी. संचात निम्म्याहून जास्त तेच हवेत.

मापाचं गणित सोपं आहे. न्यूयॉर्कच्या कॅरोलाइन प्रॅट या शिक्षिकेने गेल्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केलेला ठोकळा १:२:४ या प्रमाणात असतो. म्हणजे जाडी साधारण ३.५ सेंमी, रुंदी ७ आणि लांबी १४. दोन जाड्या म्हणजे एक रुंदी, दोन रुंद्या म्हणजे एक लांबी. बाकीचे ठोकळे याच्याच निमपट, दुपटीत, चौपटीत. त्यामुळे एका बाजूला दोन आडवे आणि दुसऱ्या बाजूला एक कडेवर उभा ठेवला, तरी वरची फळी सपाट बसते.

घेण्याआधी एक चाचणी कराच. एकाच मापाचे दहा ठोकळे एकावर एक रचा आणि शेजारी दुसरे दहा. दोन्ही मनोरे सारख्या उंचीचे हवेत. प्रत्येक ठोकळ्यात अर्ध्या मिलिमीटरची चूक असेल, तर दहाव्या मजल्यावर पाच मिलिमीटरचा फरक पडतो आणि पूल डगमगतो. मूल समजतं, आपल्यालाच जमत नाही.

एक ते दोन वर्षांच्या मुलासाठी ४ ते ५ सेंमी बाजूचे दहा-बारा घनाकृती ठोकळे पुरे. या वयात रचणं कमी; आपटणं, चाटणं, डब्यात भरून ओतणं जास्त. साधारण दीड वर्षाचं मूल तीन-चार ठोकळे चढवतं, दोन वर्षांचं सहाच्या आसपास. इथे वजनाकडे लक्ष द्या. बीच या जड लाकडाचा ५ सेंमीचा घन ८५-९० ग्रॅम भरतो, पण वर सांगितलेला १४ सेंमीचा ठोकळा सव्वादोनशेच्या पुढे जातो. तो पायाच्या अंगठ्यावर पडला की काय होतं ते सांगायला नको. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला लहान तुकडा ठरवायला ३१.७ मिमी व्यासाची नळी वापरतात. तिच्यात जो पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो. घरी टॉयलेट पेपरचं रिकामं नळकांडं घ्या. ते थोडं रुंद असतं, म्हणजे चाचणी अधिक कडक होते, आणि ते चांगलंच.

तिसऱ्या वर्षी खरी गंमत सुरू होते: पूल. दोन ठोकळे उभे आणि वर तिसरा. मूल खांब हमखास लांब ठेवतं, वरचा ठोकळा मधून खाली पडतो, मग एक खांब जवळ सरकतो. हे पाच-सात वेळा घडू द्या, मध्ये हात घालू नका. या सुमारास संच पन्नास-साठपर्यंत न्यावा आणि वाढवताना दुपटीच्या लांबीचे ठोकळे आधी घ्यावेत. त्यांच्याशिवाय छप्पर होत नाही. चार-पाचव्या वर्षी घरं, गोठे, रस्ते येतात, आणि तेव्हा शंभरही कमी पडतात. कमानी आणि उतार आता घ्या, आधी नकोत. पातळ फळ्यांचे संच (जाडी, रुंदी, लांबी १:३:१५) पाच-सहा वर्षांनंतर. त्याआधी हात तेवढा स्थिर नसतो.

लाकूड बीच, मेपल किंवा रबरवुड (रबराच्या झाडाचं लाकूड) असेल तर निश्चिंत. पाइन हलकं आणि स्वस्त, पण आपटलं की खड्डा पडतो, आणि सुकलेली गाठ निसटून पडते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून-चिकटवून केलेली फळी, ओलं झालं की कोपरे फुगतात आणि पापुद्रे निघतात. चाटणाऱ्या बाळासाठी ते नकोच. कडा दोन-तीन मिमीच गोल केलेल्या असाव्यात. जास्त गोलाई दिसायला गोड, पण बसायची जागा कमी होते. चकचकीत रंगाचंही तेच, ठोकळे एकमेकांवरून घसरतात. रंगीत घ्यायचेच असतील तर ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात घासून बघा, रंग उतरला तर परत ठेवा.

जाड गालिच्यावर मनोरा उभा राहत नाही. पातळ सतरंजी उत्तम, आवाजही कमी होतो. धुण्यासाठी ठोकळे पाण्यात बुडवू नका. लाकूड त्याच्यावर दिसणाऱ्या रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही, म्हणून भिजलेल्या संचाची मापं बिघडतात. पिळलेल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. कूस उठली तर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासा.

मात्र हे घासणं फक्त बिनरंगाच्या ठोकळ्यांसाठी. वारशाने आलेला जुना रंगीत संच घासून नवा करायला जाऊ नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि घासलं की त्याची धूळ घरभर उडते. तो संच मुलांच्या हाती देऊच नये.